तिसरं पत्र कोणाचं घ्यावं?

शिफारसपत्रं मी आजवर किती लिहिली ते मोजलेलं नाही. पण त्या पत्रांपायी आमच्या स्टाफरूममध्ये किती किस्से साठलेत असं विचाराल, तर आधी चहा सांगा आणि निवांत बसा! एक सांगायला घ्यावा तर त्याच्यामागे दुसरा येतो, आणि दुसरा सांगून होईपर्यंत घंटा होते.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि राहते अकोल्याला. अठरा वर्षं अप-डाऊन चालू आहे. पूर्वी परदेशी शिकायला जायचं म्हणून पत्र मागणारं पोरगं तीन-चार वर्षांतून एखादं यायचं, आणि आम्हीच त्याला कौतुकाने चहा पाजायचो. आता दिवाळी झाली की दाराशी रांग! पत्राला ही मुलं एलओआर म्हणतात. प्रत्येकाला तीन लागतात, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, "कोणत्या सरांना मागू?"

मागच्या वर्षी हाच प्रश्न घेऊन मोनाली आली. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. हिवरखेडची पोरगी. वडील झेंडू आणि वांगी लावतात, माल अकोल्याच्या बाजारात नेतात. तिने परदेशातल्या एका युनिव्हर्सिटीत पीएच.डी.साठी अर्ज केला होता. फी माफ, वर राहण्याखाण्याचा खर्च तेच देणार. घरून परवानगी होती, पण एकाच वर्षाची. यंदा नंबर लागला तर जा, नाहीतर बी.एड. कर आणि गावातल्या शाळेत लाग, असं वडिलांनी सांगितलं होतं. गावातली शाळा वाईट नाही हो. पण या पोरीला लॅब सोडून दुसरं काही सुचत नसे.

"मॅडम, एक तुमी देता, एक तायडे सर देते," ती म्हणाली. "तिसरं कोनाले मागू?"

तिला मी जे जे सांगितलं, तेच आता तुम्हाला सांगते.

* * *

पहिलं नाव डोळ्यांसमोर येतं ते इंगळे सरांचं. सर्वांत लाडके सर! कोणीही या, काहीही मागा, त्यांचं उत्तर ठरलेलं, "तूच लिहून आन बेटा, मी सही करतो."

आता स्वतःचं कौतुक स्वतः लिहायचं म्हणजे पोरांना घाम फुटतो. म्हणून सगळे कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात. त्याच्या कॉम्प्युटरवर एक फाइल आहे. तिचं नाव 'एलओआर फायनल फायनल'. फक्त नाव बदलायचं आणि प्रिंट काढायची.

एकदा सरांना काय लहर आली कोण जाणे, सही करण्याआधी त्यांनी पत्र वाचलं! पहिल्यांदाच. वाचता वाचता चेहरा उजळत गेला. 'माझ्या पंचवीस वर्षांच्या सेवेत असा बुद्धिमान, कष्टाळू आणि प्रामाणिक विद्यार्थी मी पाहिला नाही,' असं सगळं होतं त्यात.

"बाप रे!" सर म्हणाले. "असं पोट्टं आपल्या कॉलेजात हाये अन् मले कोनी सांगितलं नाही? बोलवा बरं त्याले!"

समोर उभा असलेला मुलगा म्हणाला, "सर, मीच आहो."

* * *

मोनाली हसली, पण म्हणाली, "मंग प्राचार्य साहेबाले मागू का? मोठी पोस्ट आहे."

हे सगळ्याच मुलांना वाटतं. जेवढी खुर्ची मोठी तेवढं पत्र जड! आमचे प्राचार्य मनाने चांगले, मुलांना नाही म्हणत नाहीत, आणि पत्र स्वतः लिहितात. दोन-दोन पानी लिहितात.

आमच्या एका विद्यार्थ्याने हौसेने त्यांचं पत्र घेतलं आणि मला दाखवायला आणलं. पहिल्या पानावर कॉलेजची स्थापना, मैदानाचं क्षेत्रफळ, नवीन इमारतीला आलेल्या अडचणी आणि त्या साहेबांनी कशा दूर केल्या ते होतं. दुसऱ्या पानावर साहेबांची स्वतःची पीएच.डी., त्यांचे परिसंवाद, वृक्षारोपण. मी शोधत शोधत शेवटच्या ओळीवर आले.

शेवटची ओळ होती, 'अर्जदारही याच कॉलेजात होता.'

* * *

तुम्ही म्हणाल, मॅडम दुसऱ्यांचंच सांगताहेत. घ्या, माझंही सांगते.

एका वर्षी माझ्याकडे नऊ पत्रं होती आणि पेपर तपासणीचे गठ्ठेही. मी एक चांगलं पत्र लिहिलं आणि बाकीची त्यावरून केली. नाव बदललं, विषय बदलला, झालं! अचलपूरच्या सुमितचं पत्र गेलं आणि त्याचा नंबरही लागला. पोरगा विमानात बसून गेला, आई रडली, सगळं यथासांग झालं.

महिन्याभराने त्याचा फोन. "मॅडम, पत्रात तुमी लिहिलं होतं का, का हा गॅदरिंगमधे लावणी छान करते म्हनून?"

ते वाक्य आधीच्या मुलीच्या पत्रातलं होतं!

"अरे बाबा, चुकून राहिलं रे! मग तू काय सांगितलंस त्यांना?"

"सांगतो काय मॅडम? स्वागत समारंभात माहं नाव पुकारलं. स्टेजवर गेलो. नाचलो!"

* * *

तायडे सरांचं मात्र तसं नाही. ते मोनालीला पत्र देणार होते कारण तिचा प्रोजेक्ट त्यांच्याकडेच होता. जो विद्यार्थी माहीत नाही त्याच्यासाठी सर एक ओळ लिहीत नाहीत. या तत्त्वापायी त्यांच्यावर एकदा भलतीच वेळ आली.

वरूडचे एक बागायतदार दोन पेट्या संत्री घेऊन स्टाफरूममध्ये आले. "तायडे सर तुमीच ना? पोट्ट्याचं पत्राचं पाहून घ्या," एवढं बोलून, पेट्या ठेवून गेले. त्यांची जीप बाहेर उभी होती. सर नको नको म्हणेपर्यंत ती गेलीसुद्धा. संत्री अशी होती की विचारू नका. तीन दिवस सगळा स्टाफ खात होता, शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत.

चौथ्या दिवशी तायडे सर अस्वस्थ. पोरगा त्यांच्या वर्गात कधी नव्हताच! संत्री तर पोटात गेलेली. सरांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी मुलाला बोलावलं. "तुझ्या वडिलांची संत्री आम्ही खाल्ली. आता तुला ओळखल्याशिवाय मला पत्र देता येणार नाही. उद्यापासून रोज सकाळी सातला लॅबमध्ये ये."

मुलगा यायला लागला. सर त्याला रोज दोन तास शिकवत, मग प्रश्न विचारत, मग गृहपाठ देत. थंडीचे दिवस. पंधरा दिवसांनी मुलगा हात जोडून माझ्यासमोर उभा राहिला.

"मॅडम, तुमी सरले सांगा ना. बाबा अजून दोन पेट्या देते, पन मले सोडा म्हना!"

* * *

अशी सगळी नावं खोडून झाल्यावर मोनाली म्हणाली, "मंग मी गावंडे सरलेच मागतो."

माझ्या हातून खडू पडायचा राहिला. गावंडे सर!

हे आमच्याच विभागातले, आणि अकोल्याचे माझे अप-डाऊनचे सोबती. माणूस सरळ, इतका सरळ की त्याचा कोपरा लागतो. त्यांच्या तोंडी जास्तीत जास्त स्तुती म्हणजे "बरं हाये". एकदा दिलेला मार्क आणि बडनेऱ्याहून सुटलेली गाडी मागे येत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. मार्क वाढवा म्हणून मंत्र्याचा माणूस आला होता, त्यालाही त्यांनी हेच ऐकवलं आणि वर गाडीची वेळही सांगितली.

त्यांच्याकडे एलओआर मागायला कोणी जात नसे. एकच जण गेला होता. आता बऱ्याच ठिकाणी कागदी पत्र चालत नाही, सरांच्या मेलवर लिंक येते आणि फॉर्म भरावा लागतो. त्यात एक प्रश्न असतो, हा विद्यार्थी वर्गातल्या पहिल्या पाच टक्क्यांत आहे का? बाकी सगळे शिक्षक डोळे मिटून 'हो' करतात. गावंडे सरांनी कॅल्क्युलेटर काढला.

"वर्गात हायेत बावीस. पाच टक्के म्हनजे एक पोट्टं आन दुसऱ्याचा कान! हा तर सहावा हाये. त्याचा कान बी येत नाही त्याच्यात."

आणि त्यांनी 'नाही' केलं. पुढे 'विद्यार्थ्याचे गुण' या चौकोनात दोनच शब्द लिहिले, 'वेळेवर येतो'. त्या मुलाचा नंबर लागला नाही. आता तो पुण्यात बऱ्या नोकरीत आहे, पण गावंडे सरांचं नाव निघालं की अजून कपाळाला हात लावतो.

* * *

आणि मोनालीचं तर त्यांच्याशी फाटलेलंच होतं. आदल्या वर्षीची गोष्ट. टायट्रेशनचं प्रॅक्टिकल. म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंब थेंब सोडायचं, रंग बदलला की थांबायचं आणि किती लागलं ते रीडिंग लिहायचं. आता खरं सांगते, आमच्याकडे हे रीडिंग पोरं स्वतः घेतच नाहीत! सीनियरच्या जर्नलात असतं, ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत येतं. बारा पॉइंट चार म्हणजे बारा पॉइंट चार. थेंब नावाला सोडायचे.

त्या दिवशी एकवीस जणांचं बारा पॉइंट चार आलं. मोनालीचं आलं सहा पॉइंट दोन.

"अर्धंच कसं आलं?" सर.

"सर, तीनदा केलं. सहा पॉइंट दोनच येऊन राहिलं."

"बाकी एकवीस जन काय येडे हायेत काय?"

"मले त्याइचं माईत नाही सर. मले जे दिसलं ते लिहिलं."

एवढं उत्तर पुरेसं होतं. दहापैकी दोन मार्क, जर्नल हातात आणि पोरगी दाराबाहेर! अख्ख्या कॉरिडॉरने पाहिलं. त्यानंतर दोघंही एकमेकांशी कामापुरतं बोलत.

"अगं, त्यांनी तुला हाकललं होतं ना?" मी म्हटलं. "सगळं सोडून त्यांनाच का?"

"मॅडम, इंगळे सरले माहं नाव तरी माईत हाय का? गावंडे सर मले पाहिलं का अजून वळखते!"

मला हसावं की रागवावं कळेना. काळजी मात्र वाटली. एकच वर्ष हातात, आणि ही पोर स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घ्यायला निघालेली!

* * *

तिने विचारलं ते स्टाफरूममध्ये, माझ्यासमोरच. इंटरनेटवर कुठेसं वाचून आली होती की शिक्षकांना नाही म्हणायची मोकळीक द्यावी. म्हणून अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, तुमाले माह्याबद्दल चांगलं पत्र लिहिता येईन का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"चांगलं नाही येनार. खरं येईन."

मी मागून तिला नाही नाही म्हणून खुणा केल्या. इंगळे सरांनी तर पेन काढून दाखवलं, मी देतो म्हणून!

"चालते सर," मोनाली म्हणाली.

"अन् काय लिहिलं ते विचारायचं नाही."

"नाही विचारत."

ती गेल्यावर सर मला म्हणाले, "पोट्टी बरी हाये." मी ते मनावर घेतलं नाही. त्या दिवसांत त्यांचं डोकं ठिकाणावर आहे असं आम्हाला वाटतच नव्हतं. कारण वर्षभरापासून त्यांनी नवंच खूळ काढलं होतं. प्रॅक्टिकलची द्रावणं लॅब असिस्टंटला करू देत नसत, सकाळी लवकर येऊन स्वतः करत, आणि प्रत्येक बॅचला वेगळ्या ताकदीची! सीनियरची जर्नलं रद्दीत गेली. पोरं बोंबलत माझ्याकडे यायची, "मॅडम, सर काहून असं करून राहिले?" मला काय माहीत! वयाचा परिणाम असेल, असं मी म्हणायची.

* * *

लिंक बंद व्हायचा दिवस आला तरी सरांचं पत्र गेलं नव्हतं. मोनाली दिवसभर स्टाफरूमच्या दारातून जा-ये करत होती, पण तोंडातून शब्द नाही. कबूल केलं होतं ना, विचारणार नाही म्हणून! शेवटी संध्याकाळी बडनेऱ्याला गाडीत बसल्यावर सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि एका बोटाने टाइप करायला लागले. मी शेजारीच. डोकवायला गेले तर त्यांनी परीक्षेतल्या हुशार पोरासारखा हात आडवा धरला.

मूर्तिजापूर येईपर्यंत जेमतेम एक ओळ झाली असेल. मग सरांनी मान वर केली.

"मॅडम, 'वर्गाबाहेर हाकललं' याले इंग्रजीत काय म्हनते?"

"सर! ते कशाला लिहिताय?"

"घडलं ना?"

"घडलं, पण…"

"मंग!"

मी हात जोडले. म्हटलं, सर, पोरीचं वर्ष आहे. एकच वर्ष दिलंय घरच्यांनी. नंतर तिला कोणी सोडणार नाही. तुम्हाला नसेल लिहायचं तर निदान गप्प बसा, पण असं लिहू नका. मला खरंच रडू येत होतं. समोरच्या सीटवरच्या बाईला वाटलं आमच्या घरात काहीतरी झालं, तिने मला पाण्याची बाटली दिली.

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "मॅडम, मी तिले सांगितलं होतं खरं लिहीन म्हनून. तिनं 'चालते' म्हटलं. तुमीच काहून मधी येऊन राहिल्या?" मग स्वतःच काहीतरी शब्द शोधून टाकला आणि अकोल्याच्या आऊटर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बटण दाबलं.

"गेलं," ते म्हणाले, आणि डबा घेऊन उतरले.

मोनालीला मी यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार? पुढचे दोन महिने ती समोर आली की मी भलत्याच विषयावर बोलायची. बी.एड.च्या प्रवेशाची तारीखही गुपचूप बघून ठेवली होती.

* * *

मग तिचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू झाला. त्याच्यानंतर आठ दिवसांनी ती धावत आली ती सरळ स्टाफरूममध्ये. नंबर लागला होता! मागून तिचे वडील आले. पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा आणि कापडी पिशवीत वांगी. कोणाला आधी नमस्कार करावा ते त्यांना समजत नव्हतं. मी पोरीला पोटाशी धरलं आणि भर स्टाफरूममध्ये रडले. लाज कसली त्यात!

गावंडे सर कोपऱ्यात जर्नलं तपासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मॅडम," मोनाली हळूच म्हणाली, "इंटरव्ह्यू घेनाऱ्या बाई म्हने, तुझ्या एका सरानं सहाच वाक्यं लिहिले. बाकीच्या पत्रात तू लय हुशार हायेस, ते आमी रोजच वाचतो. हे असं पत्र पह्यल्यांदा आलं. मंग त्याइनं मले वाचूनच दाखवलं."

"काय होतं?"

तिने मोबाइल काढला. ऐकता ऐकता पटकन लिहून घेतलं होतं, मराठीत. तिने वाचलं, आणि सगळी स्टाफरूम ऐकत होती.

'मी या मुलीला प्रॅक्टिकलमध्ये दहापैकी दोन मार्क दिले आणि वर्गाबाहेर काढलं. त्या दिवशी लॅब असिस्टंट रजेवर होता म्हणून द्रावण मी केलं होतं. संध्याकाळी मी ते तपासलं, तेव्हा ते अर्ध्याच ताकदीचं निघालं. वर्गातल्या एकवीस जणांनी तरीही जुन्या जर्नलातलं रीडिंग लिहिलं होतं. हिने एकटीने जे दिसलं ते लिहिलं, आणि मी ओरडलो तरी बदललं नाही. चूक माझी होती.'

इंगळे सरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मोनालीने वडिलांच्या हातून पुडा घेतला, कोपऱ्यात गेली, वाकून पाया पडली आणि पेढा पुढे केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं पोरीच्या.

सरांनी पेढा घेतला. सावकाश खाल्ला. बोटं रुमालाला पुसली आणि समोरचं जर्नल पुन्हा उघडलं.

"मार्क मातर दोनच राहतीन बरं!"